सवलतीचा नियम कसा लिहावा? : पत्त्यांच्या खेळातील किंमत-घटीचा विचार

खेळाचे नियम म्हणजे खेळणाऱ्यांनी डाव सुरू होण्यापूर्वी परस्परांशी केलेला करार होय. कबड्डीत दम सुटला की चढाई संपते, बुद्धिबळात प्याद्याला मागे येता येत नाही; हे दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असते, म्हणूनच हरलेला खेळाडूही निकाल मान्य करून उठतो. जेथे करार अपुरा असतो, तेथे निकाल नियमाने लागत नाही. तो आवाज चढवणाऱ्याच्या बाजूने लागतो.

निवासी शाळेत राहणाऱ्या मुलांना सुटीच्या दिवशी हाताशी असेल त्यातून खेळ रचावे लागतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी एका मापाने कापायच्या, त्यांवर चित्रे आणि आकडे काढायचे आणि आपला स्वतंत्र कॅट तयार करायचा, हा उद्योग आमच्या विद्यार्थ्यांना अलीकडे फार आवडू लागला आहे. हे पत्ते राजा-राणी-गुलामाचे नसतात. प्रत्येक पानावर निराळे पात्र, निराळी शक्ती आणि ते पान खेळण्यासाठी मोजावी लागणारी किंमत लिहिलेली असते. जगात या प्रकाराला 'ट्रेडिंग कार्ड गेम' असे नाव आहे. असा खेळ रचताना पहिला वाद बहुधा एकाच प्रश्नावर होतो : अमुक पानामुळे तमुक पान किती स्वस्त होते? हा प्रश्न दिसायला वजाबाकीचा आहे. परंतु त्यावर तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या नियमकर्त्यांनी विचार केला आहे, चुका केल्या आहेत आणि दुरुस्त्याही केल्या आहेत. तो इतिहास व त्यामागील रीत विद्यार्थ्यांपुढे आणि जिज्ञासू वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

किंमत कशासाठी असते?

या प्रकारच्या खेळांचा आरंभ १९९३ साली अमेरिकेत झाला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ त्या वर्षी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने प्रसिद्ध केला. त्याची मूळ मांडणी सोपी आहे. प्रत्येक खेळाडू आपला स्वतःचा, निदान साठ पानांचा कॅट घेऊन बसतो. मूळ भूमीची पाने वगळता एकाच नावाची चारांहून अधिक पाने त्यात ठेवता येत नाहीत. आरंभी प्रत्येकाकडे वीस जीवनगुण असतात. डावाच्या सुरुवातीला सात पाने हातात येतात आणि पुढे दर फेरीस एक नवे पान उचलता येते. 'भूमी' प्रकारची पाने जमिनीसारखी टेबलावर मांडायची आणि त्यांतून दर फेरीस 'माना' नावाची शक्ती मिळवायची. त्या शक्तीच्या मोबदल्यात इतर पाने खेळायची. भूमीचे पान फेरीत एकच मांडता येते.

या शेवटच्या अटीतच किंमतीचे मर्म आहे. पहिल्या फेरीत एक माना, दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्या फेरीत तीन, असा सर्वसाधारण क्रम असतो. ज्या पानाची किंमत चार आहे, ते सामान्यतः चौथ्या फेरीआधी खेळता येत नाही. अर्थात, किंमत म्हणजे प्रत्यक्षात वेळ होय. बलवान पानाने थांबावे, दुबळ्या पानाला आधी येऊ द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून किंमत एकने कमी करणे म्हणजे खेळाडूला एक फेरी बहाल करणे. प्रतिस्पर्धी तिसऱ्या फेरीत असताना आपण चौथ्या फेरीचे पान खेळत असतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या खेळाची पाने बाजारात बंद पाकिटांतून विकली जातात. ज्याच्या खिशात पैसे अधिक, त्याच्याकडे दुर्मीळ आणि बलवान पाने अधिक. हा भेद खेळाच्या नियमाला मिटवता येत नाही. परंतु पानावर छापलेली किंमत खिसा पाहत नाही. श्रीमंताघरच्या मुलाचे सात किमतीचे पानही सातव्या फेरीपर्यंत त्याच्या हातातच राहते आणि तोवर साध्या पानांनी खेळणाऱ्याला आपली बाजू उभी करण्यास अवसर मिळतो. आमच्या मते डावातील किंमत ही बाजारातील किंमतीवरची मर्यादा आहे. सवलतीचा नियम या मर्यादेलाच हात घालतो. म्हणून तो विचारपूर्वक लिहावा लागतो.

कोणत्या भागातून सूट?

मॅजिकमध्ये पानाची किंमत दोन भागांत लिहिलेली असते. माना पाच रंगांचा असतो : पांढरा, निळा, काळा, तांबडा आणि हिरवा. किंमतीचा एक भाग ठराविक रंगाचा असतो व दुसरा कोणत्याही रंगाने भरता येतो. पहिल्याला आपण रंगीत भाग आणि दुसऱ्याला मोकळा भाग म्हणू. 'तीन मोकळे आणि एक तांबडा' अशी किंमत असेल, तर एकूण चार माना लागतो; मात्र त्यांतील एक तांबडाच असला पाहिजे.

१९९७ साली आलेल्या 'टेंपेस्ट' या संचात 'रूबी मेडॅलियन' नावाचे पान होते. ते टेबलावर असेपर्यंत आपण खेळू त्या प्रत्येक तांबड्या पानाची किंमत एकने कमी होते. आता प्रश्न असा की, ही एकची सूट कोणत्या भागातून द्यायची? खेळाचा नियम स्पष्ट आहे : साधी सूट फक्त मोकळ्या भागातून मिळते, रंगीत भागाला तिचा स्पर्श होत नाही. 'तीन मोकळे, एक तांबडा' या पानाला आता 'दोन मोकळे, एक तांबडा' एवढीच किंमत पडेल. परंतु 'लाइटनिंग बोल्ट' या प्रसिद्ध पानाची किंमत केवळ एक तांबडा माना आहे. त्याला मोकळा भागच नाही. त्यामुळे मेडॅलियन असूनही त्याची किंमत घटत नाही. एक असो वा चार मेडॅलियन असोत, तो एक तांबडा माना भरावाच लागतो.

या नियमाचे शहाणपण उघड आहे. रंगीत भाग हा पानाचा स्वभाव आहे. तांबडे पान खेळायचे तर तांबडी भूमी राखली पाहिजे, ही अट सुटली तर पाचही रंगांची उत्तमोत्तम पाने एकाच कॅटमध्ये कोंबता येतील आणि रंगांचा भेद नावापुरता उरेल. सवलत द्यावी, पण ज्या अटीवर खेळ उभा आहे ती अट सवलतीत वाहून जाऊ देऊ नये, हे पहिले तत्त्व येथे दिसते.

आधी बेरीज, मग वजाबाकी

सवलत देणारी पाने असतात तशी किंमत वाढवणारीही असतात. २०१२ मधील 'थालिया, गार्डियन ऑफ थ्राबेन' हे पान टेबलावर असताना प्राणी नसलेल्या प्रत्येक पानाची किंमत मोकळ्या एकने वाढते. आता एका बाजूला थालिया आणि दुसऱ्या बाजूला रूबी मेडॅलियन असताना खेळाडूने लाइटनिंग बोल्ट खेळायचे ठरवले, तर त्याने किती माना मोजावा?

आधी सूट दिली तर हिशेब असा होतो : मूळ किंमत एक तांबडा, मोकळा भाग नाही, म्हणून सूट वाया गेली, मग थालियाची एकची वाढ आली, एकूण दोन माना. उलट, आधी वाढ धरली तर : एक तांबडा अधिक एक मोकळा, आता मोकळा भाग निर्माण झाला, मेडॅलियनने तो वजा केला, उरला एक तांबडा. तीच पाने, तेच आकडे. केवळ क्रम बदलला आणि उत्तर दोनचे एक झाले. शाळेच्या अंकगणितात अधिक-वजाचा क्रम उलटला तरी उत्तर तेच येते. येथे मात्र सूट विशिष्ट भागापुरती बांधलेली असल्यामुळे क्रमाला महत्त्व येते.

मॅजिकच्या नियमावलीने हा क्रम निश्चित केलेला आहे. प्रथम पानावर छापलेली किंमत घ्यायची, अथवा तिच्याऐवजी दुसरी किंमत भरण्याची मुभा असेल तर ती घ्यायची. दुसऱ्या पायरीवर सर्व वाढी मिळवायच्या. तिसऱ्या पायरीवर सर्व सवलती वजा करायच्या. सवलती अनेक असतील तर त्यांचा आपसांतील क्रम पान खेळणाऱ्याने ठरवायचा. ही वजाबाकी शून्याखाली जात नाही. किंमत शून्य झाली तरी कोणी उलट माना परत मागू शकत नाही. चौथ्या पायरीवर एकूण किंमतीवरच बंधन घालणारी पाने लागू करायची. वरील उदाहरणाचे अधिकृत उत्तर म्हणूनच एक तांबडा माना हे आहे.

चौथ्या पायरीचे उत्तम उदाहरण म्हणजे २००४ च्या 'डार्कस्टील' संचातील 'ट्रिनिस्फिअर'. हे पान उभे असेपर्यंत ज्याची किंमत तीनपेक्षा कमी भरते, त्या प्रत्येक पानाला तीन माना द्यावाच लागतो. सर्व सवलती वजा झाल्यावर हे पान शेवटी हिशेबास बसते. म्हणून त्याला कोणतीही सवलत चुकवू शकत नाही. आपल्या लाइटनिंग बोल्टला मग एक तांबडा आणि दोन मोकळे, असे तीन माना पडतील. हा किमान मर्यादेचा नियम होय. तो हिशेबाच्या शेवटी असतो म्हणूनच मर्यादा ठरतो. तो मध्ये कोठे बसवला असता तर त्याच्यानंतरची पहिलीच सवलत त्याला भेदून गेली असती.

यानंतरची पायरी विशेष महत्त्वाची आहे. एकूण किंमत एकदा निश्चित झाली की ती गोठते. माना त्यानंतर भरायचा असतो आणि भरताना टेबलावरील स्थिती बदलली तरी किंमत पुन्हा मोजली जात नाही. समजा, एका पानाची किंमत सात आहे आणि आपल्या प्रत्येक यंत्रवस्तूमागे ती एकने घटते. आपल्याकडे पाच यंत्रवस्तू आहेत, म्हणून किंमत दोन ठरली. ती भरण्यासाठी आपण त्यांतीलच एक वस्तू मोडून दोन माना मिळवला, तर आता वस्तू चार राहिल्या म्हणून कोणी तीन माना मागू शकत नाही. ठरलेला भाव हिशेब चालू असताना बदलायचा नाही, हे आपल्या बाजारातही प्रामाणिक व्यवहाराचे लक्षण मानले जाते.

सवलत आणि भरणा यांतील भेद

'किंमत कमी झाली' आणि 'किंमत दुसऱ्या रीतीने भरली' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मॅजिकमध्ये २००५ च्या 'राव्निका' संचात 'कॉन्व्होक' नावाची रीत आली. माना कमी असेल तर आपले प्राणी आडवे करून, म्हणजे त्यांना त्या फेरीपुरते कामास लावून, त्यांच्या श्रमाने पान खेळता येते. प्रथम या रीतीची गणना सवलतीत होत असे. २०१४ साली नियम बदलला आणि ती भरण्याची एक पद्धत मानली जाऊ लागली. वापरून झालेली पाने बाजूला काढून किंमत भागवण्याच्या 'डेल्व्ह' या रीतीलाही त्याच वर्षी हाच न्याय लावला गेला.

हा बदल वरवर शब्दांचा वाटतो. परंतु ट्रिनिस्फिअर समोर ठेवले की त्याचा अर्थ उलगडतो. प्राण्यांचे श्रम ही सवलत असती, तर ते आधी वजा झाले असते आणि त्यानंतर तीनची किमान मर्यादा पुन्हा उभी राहिली असती. श्रम फुकट गेले असते. ते भरणा मानल्यामुळे मर्यादा आधी ठरते आणि ती मर्यादाच श्रमाने भरता येते. ज्याने काही दिले आहे, त्याचे देणे हिशेबात धरले जाते. सवलतीत खेळाडू काही गमावत नाही, भरण्यात गमावतो. आपला खेळ रचणाऱ्याने या दोहोंसाठी दोन निराळे शब्द योजावेत.

तसेच, सवलत मिळाली तरी मॅजिकमध्ये पानाचे छापील मूल्य बदलत नाही. सात किमतीचे पान दोन मानात आले तरी ते सातचेच पान गणले जाते आणि 'तीन किंवा कमी मूल्याचे पान नष्ट करा' असा हुकूम त्याला लागू होत नाही. 'यू-गी-ओह' या जपानी खेळाची रीत निराळी आहे. तेथे माना नाही. राक्षसांना पातळी असते. पाचव्या-सहाव्या पातळीच्या राक्षसासाठी आपल्या एका राक्षसाचा बळी द्यावा लागतो, सातव्या आणि त्यापुढील पातळीसाठी दोघांचा. 'कॉस्ट डाउन' हे पान हातातील एक पान टाकून देण्याच्या मोबदल्यात त्या फेरीपुरती हातातील सर्व राक्षसांची पातळीच दोनने उतरवते. आठव्या पातळीचा राक्षस सहाव्याचा होतो आणि एका बळीत येतो. सहाव्याचा चौथ्याचा होतो आणि बळीविना येतो. येथे घटते ते मूल्यच. दोन्ही रीती चालतात. मात्र आपल्या खेळात कोणती चालते, हे लिहून ठेवले पाहिजे.

मिरोडिनचा धडा

सवलतीचा नियम फसल्याची दोन उदाहरणे या खेळाच्या इतिहासात विशेष प्रसिद्ध आहेत.

पहिले २००३ च्या 'मिरोडिन' संचाचे. त्यात 'अफिनिटी' नावाची सवलत होती : आपल्या ताब्यातील प्रत्येक यंत्रवस्तूमागे पानाची किंमत एकने कमी. 'फ्रॉगमाइट'ची मूळ किंमत चार आणि 'मिर एन्फोर्सर'ची सात. ही दोन्ही पाने स्वतःही यंत्रवस्तूच होती. शिवाय त्याच संचात अशी भूमीपाने होती की जी माना देत आणि यंत्रवस्तू म्हणूनही मोजली जात.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. पहिल्या फेरीत अशी एक भूमी मांडली व तिच्या मानातून एक किमतीची यंत्रवस्तू खेळली. दुसऱ्या फेरीत तशीच दुसरी भूमी मांडली. आता यंत्रवस्तू तीन झाल्या आणि हाती माना दोन आहे. पहिला फ्रॉगमाइट चार वजा तीन, म्हणजे एका मानात आला. यंत्रवस्तू चार झाल्या. दुसरा फ्रॉगमाइट फुकट आला. त्यानंतर शून्य किमतीची एखादी यंत्रवस्तू मांडली की त्या सहा झाल्या आणि सात किमतीचा एन्फोर्सर उरलेल्या एका मानात आला. छापील किमतीने पंधरा मानाची पाने दुसऱ्याच फेरीत दोन मानात टेबलावर आली. समोरच्याने तोवर जेमतेम दोन भूमी मांडलेल्या असतात.

दोष सवलतीच्या आकड्यात नव्हता. प्रत्येक वस्तूमागे सूट एकचीच होती. दोष असा होता की सवलतीने आलेले पान पुढच्या सवलतीचे कारण बनत होते. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ आहे, त्याला आणखी स्वस्त. आणि स्वस्त मिळाले म्हणून त्याच्याकडे आणखी पुष्कळ. मागे पडलेल्यास हात देण्यासाठी सवलत असावी, अशी सामान्य समजूत असते. येथे ती पुढे गेलेल्यालाच पुढे ढकलत होती. अखेर मार्च २००५ मध्ये 'स्टँडर्ड' या प्रमुख स्पर्धाप्रकारातून आठ पाने बाद करण्यात आली. त्यांत सहा यंत्रभूमी होत्या आणि उरलेली दोन 'आर्कबाउंड रॅव्हेजर' व 'डिसायपल ऑफ द व्हॉल्ट' ही होती. फ्रॉगमाइट आणि एन्फोर्सर यांना हात लावलेला नाही, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. सवलत घेणारी पाने राहिली. सवलतीला फुकटचा दाणागोटा पुरवणारी भूमी गेली. रोगाचे मूळ कोठे आहे, हे ओळखून केलेली ती दुरुस्ती होती.

युगिनच्या डोळ्याचा धडा

दुसरे उदाहरण 'आय ऑफ युगिन' या भूमीपानाचे. ते २०१० साली आले. 'एल्द्राझी' नावाच्या रंगहीन महाकाय प्राण्यांची किंमत ते दोनने कमी करी. त्याच वर्षी आलेल्या एल्द्राझींपैकी 'एम्राकूल, द इऑन्स टॉर्न' याची किंमत पंधरा होती. पंधराचे तेरा झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. सूट जेमतेम अष्टमांशाची आहे.

सहा वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, 'ओथ ऑफ द गेटवॉच' या संचात लहान एल्द्राझी आले. त्यांतील 'एल्द्राझी मिमिक'ची किंमत दोन होती. दोन वजा दोन म्हणजे शून्य. जे पान महाकायांचे ओझे थोडे हलके करण्यासाठी रचले गेले, त्याने लहानांना पूर्ण फुकट केले. पहिल्याच फेरीत ती भूमी मांडून हातात असतील तितके मिमिक एकदम टेबलावर उतरवता येऊ लागले. नवी-जुनी पाने एकत्र चालणाऱ्या 'मॉडर्न' या प्रकारात फेब्रुवारी २०१६ मध्ये झालेल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत अंतिम आठांतील सहा खेळाडूंचे कॅट एल्द्राझींचे होते. एप्रिल २०१६ मध्ये त्या प्रकारातून हे भूमीपान बाद झाले.

ठराविक आकड्याची सूट मोठ्या किमतीत किरकोळ आणि लहान किमतीत सर्वस्व असते, हा येथील बोध आहे. एसटीच्या अर्ध्या तिकिटाची गोष्ट निराळी : प्रवास लांबचा असो वा जवळचा, अर्धे हे अर्धेच राहते, आणि अर्धे केल्याने काहीच फुकट होत नाही. परंतु दहा रुपयांची सरसकट सूट दिली, तर दहा रुपयांचा प्रवास फुकट होईल आणि पाचशेच्या प्रवाशाला ती जाणवणारही नाही. दुसरा बोध इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचा वाटेल. नियम आजच्या पानांसाठी लिहिला जातो, पण तो लागू होतो उद्याच्या पानांना. जो सवलत लिहितो, त्याने आज नसलेल्या पानांचाही विचार केला पाहिजे.

आपला खेळ रचताना

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. विद्यार्थ्यांनी गावाच्या जीवनावर एक खेळ रचला आहे, असे समजा. त्यात पाणी, धान्य आणि श्रम ही तीन साधने आहेत. 'बंधारा' या पानाची किंमत पाच : त्यांपैकी दोन पाणीच हवे, उरलेली तीन साधने कोणतीही चालतील. 'सामुदायिक श्रमदान' या पानाने इतर पाने स्वस्त व्हावीत, अशी कल्पना आहे. नुसते 'पाने एकने स्वस्त होतील' असे लिहिले, तर पहिल्याच डावात भांडण ठरलेले. म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे आधी लिहावीत.

पहिला प्रश्न : कोणाची पाने स्वस्त होणार? केवळ मांडणाऱ्याची की दोघांची? १९९७ मधील 'हेल्म ऑफ अवेकनिंग' हे मॅजिकचे पान सर्वांचीच किंमत एकने घटवते. मेडॅलियन केवळ आपली. दुसरा : कोणत्या भागातून? बंधाऱ्याचे दोन पाणी सुटीत जाणार नाही, असे आमचे सुचवणे आहे. पाण्याविना बंधारा हा बंधारा नव्हे. तिसरा : किती वेळा? फेरीतील प्रत्येक पानाला सूट द्यायची की पहिल्या एकालाच? पहिल्या एकालाच दिली तर मिरोडिनसारखी साखळी तयार होत नाही. चौथा : किमान मर्यादा कोणती? 'हर्थस्टोन' या संगणकावरील खेळात 'समनिंग पोर्टल' हे पान साथीदारांची किंमत दोनने कमी करते, परंतु एकाखाली जाऊ देत नाही. ही मर्यादा त्या पानावरच लिहिलेली आहे. एवढे अर्धे वाक्य युगिनच्या डोळ्यावर असते, तर त्याचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. पाचवा : वाढ, सूट आणि मर्यादा यांचा क्रम कोणता? सहावा : अर्धी किंमत करणारी पाने असतील तर ती कोठे बसतात? आठ किमतीच्या पानाला आधी दोनची सूट आणि मग अर्धे केले तर तीन येतात. आधी अर्धे आणि मग दोन वजा केले तर दोन येतात. सातचे अर्धे करताना साडेतीनाचे तीन करायचे की चार, हेही सांगून ठेवावे.

या सर्वांची उत्तरे एका पानावर मावतील अशी लिहिली, तर ती साधारणतः अशी होतील : 'सामुदायिक श्रमदान तुमच्या बाजूस असेपर्यंत तुम्ही दर फेरीस खेळलेल्या पहिल्या पानाची किंमत एकने कमी होते. ही सूट पाण्याच्या भागास लागू नाही. किंमत एकपेक्षा कमी होत नाही.' तीन लहान वाक्ये. त्यांत एकही अवघड शब्द नाही, आणि तरीही वादाला जागा उरत नाही.

नियम लिहून झाला की तो पारखावा. पारखण्याची रीत अशी : प्रथम खेळातील सर्वांत स्वस्त पान घ्यावे व सूट दिल्यावर त्याची किंमत काय उरते ते पाहावे. महागड्या पानावर सूट पारखून काही कळत नाही. त्यानंतर सूट देणारे एक पान न घेता, नियमाने ठेवता येतील तितकी सर्व, समजा चारही, एकाच वेळी टेबलावर मांडावीत. एका पानाची सूट निरुपद्रवी वाटते. चार मिळून किंमतच नाहीशी करतात. शेवटी सूट घेऊन आलेले पान स्वतः पुढच्या सुटीला कारण होते काय, ते तपासावे. होत असेल तर तेथे थांबा, साखळी मोजा आणि ती कोठे तुटेल ते नियमातच लिहा.

पारखणाऱ्यांत किमान एक खेळाडू असा असावा की ज्याने तो खेळ रचलेला नाही आणि ज्याच्या कॅटमध्ये साधीच पाने आहेत. रचणारा आपल्या पानाच्या बाजूने विचार करतो. समोर बसलेल्याला त्या पानाची झळ लागते. सवलत योग्य आहे किंवा नाही, याची खरी साक्ष ती न मिळालेला खेळाडूच देऊ शकतो. दुसऱ्या फेरीतच आपले काही चालत नाही असे त्याला वाटले, तर तो तिसरा डाव मांडायला येणार नाही. आणि दोघांशिवाय हा खेळ होत नाही.

किंमत कमी करण्याचे नियम नसावेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सवलतीमुळेच या खेळात युक्तीला वाव मिळतो, रखडलेला डाव पुढे सरकतो, मागे पडलेल्याला पुन्हा उभे राहता येते. म्हणणे एवढेच की, सवलत कोणाला, कशातून, किती वेळा, कोणत्या क्रमाने आणि कोठपर्यंत, हे डाव मांडण्याआधी लिहून दोघांनी वाचलेले असावे. आमच्या विद्यार्थ्यांच्या लग्नपत्रिकांच्या पाठीवरच्या पत्त्यांना बाजारात मोल नाही आणि ते कोणाला पाकिटातून विकत घेताही येत नाहीत. म्हणूनच त्या पत्त्यांवरचा प्रत्येक आकडा सर्वांना सारखा लागू होऊ शकतो. तो तसा राहील, असे नियम लिहिण्याचे काम आता त्यांचे आहे.